निकाल लागला, मग अपील कशाला?

परवा कट्ट्यावर पुन्हा तोच विषय. मित्र म्हणाला, "दाभोलकर खटल्यात दोघांना जन्मठेप झाली ना? मग घरच्यांचं अपील कशाला? सूड उगवायचाय?" तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. पुण्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला १० मे २०२४ ला. सचिन अंदुरे आणि शरद कळसकर यांना जन्मठेप, बाकीचे तिघे निर्दोष. तिघांविरुद्ध संशयाला जागा आहे, पण सरकार पक्षाला पुरावा उभा करता आला नाही, असं न्यायालय म्हणालं. मुख्य सूत्रधार तपास यंत्रणांना शोधता आले नाहीत, हेही त्याच निकालात आहे. मग त्यांची मुलगी मुक्ता दाभोलकर तिघांच्या सुटकेविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या, तर त्यात सूड कसला?

पूर्वी आरोपी सुटला की घरच्यांनी सरकारच्या तोंडाकडे बघत बसायचं. २००९ अखेरीस कायदा बदलला आणि पीडिताच्या वारसांनाही सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क मिळाला. त्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी काढायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना न आवडणारी गोष्ट. शिक्षा झालेल्यांनीही अपील केलंय आणि तेही तितक्याच गांभीर्याने ऐकलं गेलं पाहिजे. २०१६ च्या आरोपपत्रात सीबीआयने गोळ्या झाडणारे म्हणून दुसरीच दोन नावं दिली होती, २०१८ मध्ये ती बदलली. बचावाचा कुठला वकील हे सोडेल? मी असतो तर मीही सोडलं नसतं.

सुटलेल्यांचं तर आणखी अवघड. एकदा निर्दोष ठरलेल्याच्या बाजूने निर्दोषत्वाचं गृहीतक दुप्पट पक्कं होतं. पुराव्यातून दोन अर्थ निघत असतील, तर सुटकेला हात लावायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये चंद्रप्पा खटल्यात सांगून ठेवलंय. मला ते बोचतं. पण उद्या माझाच भाऊ पिंजऱ्यात उभा असेल तर मी हाच नियम धरून बसेन.

मित्राला एवढंच म्हणालो, दोन्ही अपिलं एकत्र ऐकावीत, पुरावा एकच आहे. तो म्हणाला, "तोवर आपण म्हातारे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहाचे पैसे मात्र त्यालाच द्यायला लावले.