वहिनीची तीन टेबलं

आज वहिनीचा डबा घरीच राहिला, म्हणून दुपारी तिच्या ऑफिसात, इथल्या मध्य प्रदेश सरकारच्या, द्यायला गेले. मंगळवार, जनसुनवाईचा म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, गर्दी मरणाची. एक गृहस्थ तिच्यावर ओरडत होते, "मुफ्त की तनख्वाह लेते हो तुम लोग!" आणि रांगेतला आपलाच एक मराठी माणूस हसून म्हणाला, "सरकारी जावई!" तिथे मी काही बोलले नाही. आता बोलते.

मागच्या महालक्ष्म्या. पूजनाचा दिवस, रजा मंजूर झालेली. सकाळीच फोन: 181 वरच्या, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या, तक्रारी आज मिटल्या नाहीत तर वरच्या साहेबांकडे जातील, लगेच या. पुरण अर्धवट टाकून वहिनी गेली. सोळा भाज्या आईने एकटीने केल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. वहिनी आली रात्री साडेनऊला. सवाष्णी जेवून गेल्या होत्या.

कारखान्यातल्या कामगाराला जादा तासांचे दुप्पट पैसे द्या, असं कायदा सांगतो. वहिनीला त्या दिवसाचं काय मिळालं? रजासुद्धा परत नाही मिळाली!

तिच्याकडे तीन टेबलं आहेत. एक तिचं. एक रिटायर झालेल्या बाबूंचं. तिसऱ्या टेबलाचा बाबू दुसऱ्या ऑफिसला अटॅच, म्हणजे कामाला तिकडे. 2018 मध्ये रिटायरमेंट 60 वरून 62 वर नेली, पण माणसं कधीतरी जाणारच होती ना? भरती का नाही केली वेळेवर? 2016 मध्ये हायकोर्टाने पदोन्नतीचे नियम रद्द केले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि वर्षानुवर्षं बढत्या अडकल्या. वरच्या खुर्चीचं काम 'प्रभारी' म्हणून करा, पगार जुनाच घ्या. कुठला न्याय आहे हा?

हो, पाच दिवसांचा आठवडा आहे, पगार वेळेवर होतो. पैसे खाणारेही आहेत, मान्य. पण वहिनी शनिवारी कितीदा घरी असते ते आमच्या आईला विचारा.

त्या गृहस्थांचाही आता राग येत नाहीये. तिसरा चक्कर होता म्हणे त्यांचा. ज्या टेबलावर माणूसच नाही, तिथे त्यांची फाइल पडून आहे.

त्या रात्री आईने वहिनीला महालक्ष्म्यांसमोर पान वाढलं. पोळीचा पहिला घास मोडला आणि फोन वाजला. डाव्या हाताने फोन धरून ती तक्रारींचे नंबर सांगत होती, आणि आई तूप वाढायची थांबून तिच्याकडे बघत होती.

आज डबा दिला तेव्हा साडेतीन झाले होते. "ठेव तिथे," एवढंच म्हणाली, मान वर न करता. आत्ता पावणेनऊ झालेत. आई दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली.