परसाचं लँडस्केप

निवृत्तीनंतर कुणाला शुगर होते, कुणाला बीपी. आमच्या ह्यांना चंदीगड झालं.

सहलीत रॉक गार्डन बघितलं, तिथंच लागण झाली. नेकचंद हे सरकारी बांधकाम खात्यातले रस्तेनिरीक्षक. फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशांचे तुकडे जमवून 1957 पासून त्यांनी जंगलाच्या जमिनीत गुपचूप बाग उभी केली. ती लोकांना खुली झाली 1976 साली. यातलं फुटक्या बांगड्यांचं ह्यांनी लगेच उचललं. गुपचूपचं तेवढं राहून गेलं.

साताऱ्याला आमच्या घरामागं परस आहे. मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, शेवगा, कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि कपड्यांच्या तारा. थोडक्यात, सासूबाईंचं संस्थान. ह्यांनी कमरेवर हात ठेवून ते न्याहाळलं आणि म्हणाले, "याला काही लँडस्केपच नाही." आई शेंगा सोलत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि आमच्या घरात ही फार वाईट खूण असते.

सुरुवात बाटल्यांनी झाली. रिकाम्या बाटल्या तोंड खाली करून वाफ्याच्या कडेनं पुरायच्या. बुडं वर राहतात आणि उन्हात हिरवी-तपकिरी चमकतात. दिसतात छान, खोटं कशाला बोलू? पण वाफ्याभोवती फिरायला सरबताच्या बाटल्या पुरत नाहीत. मग ह्यांनी भंगारवाल्याकडून पोतं भरून आणलं. स्कूटरवरून, भर दुपारी, आळीभर खणखणत. संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी माझा हात हातात घेऊन हलकेच विचारलं, "कधीपासून?" म्हटलं, "चंदीगडहून आल्यापासून."

मग टायर. त्यांना पिवळा ऑइलपेंट फासला, काही आडवे ठेवले, काही शेवग्याला टांगले. टायरच्या आतल्या खोबणीत साठलेलं पावसाचं पाणी कितीही हलवा, सगळं निघत नाही. आणि डेंग्यूच्या डासाला असलंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होऊन उडतो. आशाताई तपासणीला आल्या, टायरमध्ये टॉर्च मारला, आणि मला वाकून बघायला लावलं. आत अळ्या शेपट्या वर करून लोंबत होत्या. टायरला टिचकी मारताच सगळ्या वळवळत तळाला गेल्या. ताईंनी वही काढली. "काका, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळता का?"

हे बाटल्यांकडे बघत कळवळून म्हणाले, "अहो ताई, मी घेतच नाही!"

टायरांना ड्रिलनं भोकं पडली. लगोलग कुंड खणून त्यात कमळ आणि गप्पी मासे सोडले, म्हणजे डासांचा बंदोबस्त. गप्पी अळ्या खातात हे खरंच. वंचक बगळा गप्पी खातो हेही खरं. तो रोज सकाळी काठावर मान आखडून बसायचा, आणि ह्यांच्या मते त्यानं लँडस्केपला शोभा यायची. मासे संपल्यावर शोभाही उडून गेली.

आणि मग आईंनी ताबा घेतला. भोकं पडलेल्या टायरांत धणे रगडून कोथिंबीर पेरली. पॅलेटच्या फळ्यांचा जो बाक मी सोडून सगळ्यांना दाखवून झाला होता, त्यावर सांडग्यांचं वाळवण पडलं. बांबूच्या कमानीवर मधुमालती चढायची होती, तिथं दुधी भोपळा चढला. पायवाटेसाठी आणलेली शहाबादी फरशी एक दिवस मधूनच गायब. ती धुण्याच्या दगडाशेजारी, बादली ठेवायला. आता पायवाटेवर त्या जागी लंगडी घालावी लागते.

ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा फोन आला: कुठल्याशा बंगल्यातला जुना बाथटब निघालाय, साहेबांना हवाय का? त्यात धबधबा करता येईल, असं म्हणत हे मोजपट्टी शोधायला आत पळाले.

आईंनी अळूची पानं खुडता खुडता मला विचारलं, "त्या टबाला खाली भोक असतं ना गं?"

"असतं की."

"मग आणू दे त्याला. गांडूळखताला बरा पडेल."