दोन भाषांचा कोटा

शाळेच्या साचेबंद अभ्यासक्रमातून सुटका व्हावी म्हणून आम्ही नववीतल्या लेकीला शाळेतून काढले आणि पुढच्या तीन महिन्यांत मी तिच्यासाठी असा अभ्यासक्रम रचायला बसले की त्याच्यापुढे शाळा दयाळू वाटावी. गणित आणि विज्ञान एका दुपारीत ठरले, कारण पायथागोरसविषयी आमच्या नात्यागोत्यात कुणाचेच काही मत नाही. साहित्याविषयी मात्र बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घरी दूध घालायला येणाऱ्यापासून सगळ्यांना मत आहे, आणि ते चहा होईपर्यंत थांबून सांगण्याइतका वेळही आहे.

दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत द्यायची, एवढे आमचे नक्की होते. ही केंद्र सरकारची संस्था 1989 पासून चालू आहे, परीक्षेसाठी चौदा वर्षे पूर्ण लागतात आणि प्रमाणपत्रासाठी किमान पाच विषय घ्यावे लागतात. त्यांत भाषा एक तरी हवीच, पण दोनपेक्षा अधिक नको. हा शेवटचा नियम ज्यांनी केला ते बेळगावात कधी राहिले नसावेत. मराठीत रडणाऱ्या, कन्नडमध्ये भाजी घेणाऱ्या, इंग्रजीत शिकणाऱ्या आणि हिंदीत मालिका बघणाऱ्या घराला दोनच भाषा निवडायला सांगणे म्हणजे चार मुलांच्या आईला दोन ताटे वाढायला सांगण्यासारखे आहे.

मामंजींच्या लेखी यात निवडीचा प्रश्नच नव्हता. “1956 पासून आपण कशासाठी भांडतोय?” असे त्यांनी विचारले. मी म्हटले की हा दहावीचा अर्ज आहे, सीमाप्रश्न नव्हे. त्यावर, महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून प्रलंबित असला तरी आपल्या घरातला निकाल आज संध्याकाळपर्यंत लागला पाहिजे, असे सांगून ते फिरायला गेले.

तोपर्यंत यजमानांनी एका परदेशी संस्थेचा तयार साहित्यसंच मागवून ठेवला होता. छत्तीस आठवडे, छत्तीस पुस्तके आणि प्रत्येक दिवशी किती पाने वाचायची त्याचा तक्ता. तक्ता फार सुबक होता, फक्त तो ज्या देशात छापला तिथल्या हवेवर बेतलेला होता. आम्ही जूनमध्ये सुरुवात केल्याने पहिल्याच आठवड्यात पानगळीवरचा निबंध आला, आणि बाहेर पाऊस असा कोसळत होता की गळण्याचा मान पानांऐवजी आमच्या माडीच्या छताने मिळवला होता. संचाचे खोके भक्कम असल्याने सध्या त्यावर इन्व्हर्टर ठेवला आहे.

मग मी स्वतः कालानुक्रमाचा मार्ग धरला. साहित्य मुळापासून शिकवावे, म्हणजे 1290 सालच्या ज्ञानेश्वरीपासून. पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले आणि कन्येने वही. पुढचे सतरा अध्याय भगवंतांनी अर्जुनाला समजावले. मला तेवढा अधिकार नसल्याने मी दोन दिवस समजावून पाहिले आणि सोडून दिले.

घरी शिकवणाऱ्या पालकांमध्ये शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंचे नाव आदराने घेतले जाते. मुलाने एकदा लक्षपूर्वक वाचावे आणि वाचलेले आपल्या शब्दांत परत सांगावे, प्रश्नोत्तरांचा काच नको, अशी त्यांची पद्धत होती. ही पद्धत मला फार आवडली, म्हणून मी आमच्याच गावात हयात घालवलेल्या इंदिरा संतांच्या चार कविता लेकीला दिल्या आणि पदर सावरून ऐकायला बसले. तिने मन लावून वाचले, पुस्तक मिटले आणि आपल्या शब्दांत सांगितले, “या बाई कुणाची तरी वाट बघतात. तो येत नाही. मग त्या पाऊस बघतात.” मी पुष्कळ वेळ गप्प बसले. यात खोडायचे काय, हे मला अजून सापडलेले नाही.

खरा सामना मात्र कुंपणाच्या भिंतीवर झाला. शेजारच्या टीचरबाई सरकारी शाळेत कन्नड शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्या म्हणाल्या, “बेंद्रे घरी मराठीच बोलत होते की वो! लिहिले कन्नडमध्ये, आणि 1973 चे ज्ञानपीठ मिळाले.” मामंजी भिंतीच्या या बाजूने म्हणाले, “आणि आमचे जी. ए. कुलकर्णी धारवाडात इंग्रजी शिकवून मराठीत कथा लिहीत होते, त्याचे काय?” टीचरबाईंनी कन्नड कवी कुवेंपूंना पुढे केले, मामंजींनी कोवाडच्या रणजित देसाईंना. कोवाड चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते, तेव्हा तो धावा चोरण्याचा प्रकार आहे, असे टीचरबाईंचे म्हणणे पडले. माझा कुकर चार शिट्ट्या होऊन गार झाला तरी सामना संपला नव्हता. विशेष म्हणजे दोघांनीही एकमेकांच्या लेखकांचे काही वाचलेले नव्हते, हे दोघांनी मोठ्या अभिमानाने सांगितले.

शेवटी मुदतीच्या आदल्या रात्री लेकीनेच अर्ज उघडला. विषयांच्या यादीत मराठीचा क्रमांक 204 आणि कन्नडचा 208. तिने दोन्हींवर खूण केली, इंग्रजी वगळली आणि बापाकडे न बघता पुढचे बटण दाबले. ओटीपी मामंजींच्या मोबाइलवर येणार होता, कारण घरात सतत रेंज असणारा तेवढा एकच फोन आहे. मराठी पहिली आहे का, याची खातरजमा करण्यात त्यांनी पहिला ओटीपी वाया घालवला. दुसरा आला तेव्हा त्यांनी चष्मा नाकावर ठेवून खणखणीत आवाजात वाचला, “बावीस, चौतीस, एकोणसाठ.”

लेकीने बावीस टाकले, मनातल्या मनात मोजून चौतीसही टाकले आणि मान वर केली.

“आजोबा, एकोणसाठ म्हणजे किती?”

खोलीत शांतता पसरली. मामंजींचे तोंड उघडले, पण शब्द फुटेना. खिडकी उघडीच होती, आणि भिंतीपलीकडून टीचरबाईंचा आवाज आला, “ऐवत्तोंबत्तु!”

लेकीने पाच आणि नऊ दाबले. अर्ज गेला.

मामंजींनी चष्मा काढला, काचा धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “सूनबाई, ज्ञानेश्वरी राहू दे. पहिल्या आठवड्यात उजळणी टाक.”