मॅडम, तुम्ही राइट क्लिक करता?

ऑनलाइन मीटिंग चालू होती, माझी स्क्रीन सगळ्या टीमला दिसत होती आणि मी वर्डमधल्या अहवालात एका मथळ्याचं फॉरमॅटिंग दुसऱ्या मथळ्याला लावत होते. माउसने. एवढाच माझा गुन्हा.

"मॅडम," पाठीमागून आवाज आला, "तुम्ही राइट क्लिक करता?"

"तुम्ही विड्या ओढता?" हे ज्या सुरात विचारतात, त्या सुरात.

हे आमचे शॉर्टकटराव. वयाने माझ्या निम्मे. खरं नाव लिहीत नाही, कारण कंट्रोल एफ मारून ते हा लेख शोधून काढतील. (आउटलुकमध्ये मात्र कंट्रोल एफ मारला तर शोध होत नाही, मेल फॉरवर्ड व्हायला निघतो. मायक्रोसॉफ्टच्याच एका अभियंत्याने लिहून ठेवलंय की, मेलचा जुना प्रोग्राम तयार होत असताना एका टेस्टरने या बटणाने फॉरवर्डच झालं पाहिजे अशी तक्रार नोंदवली होती. आधीच्या प्रोग्राममुळे त्याच्या बोटांना तीच सवय होती. त्या टेस्टरचं नाव बिल गेट्स. त्यांच्या बोटांची सवय जगाने आजवर सांभाळली. माझ्या बोटांना विचारतो कोण?)

तर शॉर्टकटराव वाकले. त्यांच्या गळ्यातलं आयडी कार्ड माझ्या कीबोर्डवर लोळायला लागलं. त्यावरच्या फोटोतसुद्धा ते असेच कुणाला तरी समजावून सांगत असल्यासारखे दिसतात.

"बघा हं. कंट्रोल शिफ्ट सी. फॉरमॅट उचललं. आता इथे यायचं आणि कंट्रोल शिफ्ट व्ही."

"अहो, मीटिंग चालू आहे."

"दोन सेकंद, मॅडम. आयुष्यभराचं काम होईल."

झालं. कारण ही टिप आता शिळी आहे. वर्डमध्ये पूर्वी या जोडीने फॉरमॅटिंग उचलून लावता यायचं, पण 2023च्या सुमारास कंट्रोल शिफ्ट व्ही म्हणजे 'नुसता मजकूर पेस्ट करा' असं झालं आणि फॉरमॅटिंगचं काम कंट्रोल ऑल्ट सी आणि व्हीकडे गेलं. बदल शहाणपणाचाच आहे. वेबवरून उचललेल्या मजकुराचे रंग आणि ठळक अक्षरं आता मागोमाग येत नाहीत. पण शॉर्टकटरावांना त्याचा पत्ता नव्हता. आणि कॉपी करून ठेवलेला जो मजकूर आत बसला होता, तो होता एका सहकाऱ्याने मला चॅटवर दिलेला सल्ला. दुसऱ्या एका गरजूला पाठवायला मी तो उचलला होता. या ऑफिसात मला मिळालेली ती एकमेव उपयोगी टिप.

'प्रमुख निष्कर्ष' या मथळ्याच्या जागी, सगळ्यांच्या स्क्रीनवर उमटलं: "हे कुणी वाचत नाही. मागच्या वेळचंच टाक."

मीटिंगमध्ये अशी शांतता पसरली की कुणाच्या तरी घरचा पंखा ऐकू आला.

"पेस्ट झालं बघा!" शॉर्टकटराव म्हणाले.

"मॅडम," पलीकडून मॅनेजर, "हा निष्कर्ष आपलाच आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत शॉर्टकटराव पुन्हा वाकले. "घाबरू नका मॅडम. कंट्रोल झेड. केलेलं मागे." त्यांच्या हिशेबी एका मीटिंगमध्ये दोन टिपा झाल्या.

मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 97मध्ये एक डोळेवाली क्लिप होती. पत्र लिहायला घेतलं की 'पत्र लिहिताय का? मदत करू?' म्हणून टपकायची. लोक इतके वैतागले की 2001मध्ये ती आपणहून यायची बंद झाली आणि 2007मध्ये पार गेली. पण तिला निदान बंद करायची सोय होती. त्याच ऑफिस 2007ने मेनू काढून वर रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी, आणला आणि वर्षानुवर्षं पाठ केलेल्या जागा एका झटक्यात निकामी केल्या. त्या पुन्हा शिकायला कुणाला पगारी रजा मिळाली? काम तेवढंच, मुदत तीच, वर सगळं नव्याने शोधा.

आणि मी तरी कोण म्हणा. एक्सेल जनुकांच्या नावांना तारखा समजतं म्हणून शास्त्रज्ञांनी 2020मध्ये जनुकांचीच नावं बदलली. 'मार्च वन'चं 'मार्चएफ वन' केलं. ते आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली 2023मध्ये. आधी माणसांनी वाकायचं, सेटिंग मागाहून येणार. हे ऐकून हसायला येतं, पण मला हल्ली येत नाही.

परवा ऑफिसची मेल आली: 'नव्या सुविधांची ओळख', उपस्थिती अनिवार्य, वेळ जेवणाच्या सुट्टीची, मार्गदर्शक शॉर्टकटराव. त्यांना नवी जोडी कुणी सांगितली? मी. त्याच संध्याकाळी, चिडून. ती आता त्यांच्या पहिल्याच स्लाइडवर आहे, 'हे तुम्हाला माहीत आहे का?' या मथळ्याखाली.

"तुम्ही पुढच्या रांगेत बसा हं, मॅडम," मला थांबवून म्हणाले. "तुमच्यासारखं कुणी समोर असलं की समजावायला सोपं जातं."