जुनी गाडी घ्यायची तर हँडलपासून सुरुवात करा

परवा भाच्यासोबत एक जुनी मोटरसायकल बघायला गेलो होतो. पोचल्या पोचल्या त्याने विचारलं, "किती चाललीये? अ‍ॅव्हरेज काय देते?" मालकाने सेल्फ मारला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आवाजही सुरेख. पोराचा चेहरा खुलला आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण अगदी असाच मीही एकदा उभा होतो.

माझी पहिली सेकंड हँड गाडी. जाणकार मित्राला घेऊन गेलो होतो. त्याने इंजिन ऐकलं, धूर बघितला, "एक नंबर आहे, घेऊन टाक" म्हणाला. इंजिन खरंच एक नंबर होतं. तिसऱ्या आठवड्यात मोकळ्या रस्त्यावर जरा वेग वाढवला आणि हँडल थरथरायला लागलं. आधी बारीक, मग सरळ डावीकडे-उजवीकडे झटके. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडला, ब्रेकला हात लावला नाही, म्हणून वाचलो. गाडी बाजूला घेतली तेव्हा हँडलवरची बोटं सुटेनात. नंतर खोलून बघितलं तर कोनसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या, वाट्यांमध्ये छऱ्यांनी खड्डे पाडलेले आणि पुढच्या शॉकअपचा एक पाइप किंचित वाकलेला. गाडी कधीतरी समोरून धडकली होती. मालकाने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. इंजिन बिघडलं तर गाडी थांबते, पैसे जातात. गाडीचा पुढचा भाग बिघडला तर चालवणारा पडतो. आणि आपण सगळे इंजिनच ऐकत बसतो.

म्हणून गाडी डबल स्टँडवर घ्या आणि मागे वजन देऊन पुढचं चाक हवेत उचला. हँडल अगदी सावकाश, दोन बोटांनी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ते लोण्यासारखं फिरलं पाहिजे. मधोमध आल्यावर 'टक' करून अडकलं, तर कोनसेट गेलाय. मग शॉकअप खालून धरून पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर तिथे ढिलाई आहे. शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवरून बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर ऑइल सील फुटलंय, आणि ते तेल ओघळून ब्रेकच्या डिस्कवर गेलं तर ब्रेक लागणार नाही. हँडल पूर्ण वळल्यावर चेसिसच्या ज्या स्टॉपरला टेकतं, तो चेपलाय का बघा. त्याच्या आसपासचा रंग सुरकुतलाय किंवा तेवढाच भाग नवा रंगवलाय का, तेही बघा. बाकी गाडी कितीही पॉलिश केलेली असो, ही जागा सहसा कुणी लपवत नाही, कारण इथे कुणी बघतच नाही.

टायरची नक्षी सगळे बघतात, वय कुणी बघत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 असेल तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असूनही रबर कडक झालेलं असू शकतं, आणि ओल्या रस्त्यावर ते कळायला उशीर होतो. ब्रेक दाबून धरा. लिव्हर स्पंजासारखा आत जात राहिला तर पुढे चालवून बघूच नका.

इंजिनाचं म्हणाल तर एकच आग्रह धरा, गाडी थंड हवी. गेल्याबरोबर हात इंजिनाजवळ न्या. आधीच तापवून ठेवली असेल तर का, ते विचारा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

कागद हा तर न टाळण्याचा भाग. चेसिस नंबर कागदावरून वाचू नका, गाडीवर स्वतः शोधा आणि एकेक अक्षर जुळवा. सतरा अक्षरं-आकड्यांचा नंबर असेल तर त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात. घासल्याच्या खुणा दिसल्या, तर गाडी कितीही आवडली असली तरी निघा. कर्ज फिटल्याचा कागद हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. "दुसरा गिऱ्हाईक संध्याकाळी येतोय" असं कुणी म्हटलं, तर येऊ द्यावा त्याला.

तर परवा. मी पुढचं चाक उचललं आणि हँडल भाच्याच्या हातात दिलं. मधोमध टक झालं. त्याने माझ्याकडे बघितलं. "मामा, हे बदलून घेता येईल ना?" येईल, कोनसेट बदलणं फार मोठं काम नाही. पण स्टॉपर चेपलेला होता आणि त्याच्या मागे चेसिसचा रंग सुरकुतलेला. मालकाला विचारलं तर म्हणाला, "उभ्या उभ्या पडली होती एकदा." उभ्या गाडीच्या पडण्याने चेसिस अशी सुरकुतत नाही.

भाच्याने किल्ली परत दिली. रस्ताभर एक शब्द बोलला नाही, आणि मीही बोललो नाही, त्याला ती गाडी किती आवडली होती ते दिसत होतं. रात्री त्याने दुसऱ्या एका गाडीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, हिला डबल स्टँड आहे. रविवारी येशील?"