‘गोदाकाठचा’ यांस उत्तर: रिकामटेकडे कोण?

मागच्या पोस्टमध्ये मी आमच्या ‘बागमित्र’ मंडळींबद्दल लिहिलं होतं. एका महाविद्यालयाच्या वनस्पतिउद्यानात आम्ही पंधरा-वीस जण दर रविवारी जाऊन काम करतो, एवढाच त्याचा विषय. त्यावर ‘गोदाकाठचा’ या नावाने आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो: “तुमची ही मित्रमंडळी म्हणजे रिकामटेकड्या निवृत्तांचा टाइमपास आहे. वनस्पतीशास्त्र शिकणारी पोरं तिथे दिसत नाहीत, आसुपालवाच्या बुंध्यावर सीता अशोकाची पाटी आहे, निम्मी झाडं परदेशी, बागेत केक कापले जातात, आणि वर्गणीचा हिशोब कुठे आहे?”

साहेब (की बाई, नावावरून कळत नाही, आणि स्वतःचं नाव टाकण्याची आपल्याला गरज वाटलेली नाही), टीकेचं मला वावडं नाही. पण बोलण्याची काही रीत असते. हेच तुम्ही “काका, पाटी चुकली आहे” असं म्हणाला असतात, तर मी तुम्हाला चहा पाजला असता.

पाटी चुकली आहे, हे मान्य. पाट्या रंगवून आल्या त्या दिवशी पाऊस होता, घाई झाली आणि दोन पाट्यांची अदलाबदल झाली. आसुपालव म्हणजे शाळांच्या कंपाउंडला सरळ रांगेत उभा असतो तो, लांब, कडेने लहरी पानांचा. सीता अशोकाची पानं संयुक्त, कोवळी असताना तांबूस आणि लोंबती; फुलं केशरी, थेट जून फांद्यांवर गुच्छाने येणारी. हा फरक मला कळतो. आसुपालवाचं शास्त्रीय नावही मध्यंतरी पॉलिअल्थियाचं मोनून झालं, तेव्हा गोंधळ फक्त आमचाच नाही. शिवाय आसुपालव सीताफळाच्या कुळातला, म्हणजे सीतेशी त्याचं तेवढं नातं तरी निघतंच. असो. पंचवटीच्या गावात सीता अशोकाची पाटी चुकावी हे वाईटच. दुरुस्त केली.

आता ‘रिकामटेकडे’.

हा शब्द वाचल्यावर मी रात्री दोनदा उठलो. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, पण माझा जन्म द्राक्षबागेतला आहे. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी चालायची तेव्हा शाळेला सुट्टी असायची, आणि आमची सुट्टी म्हणजे हातात कात्री. तळहाताला फोड आले की वडील म्हणायचे, फुटू दे, मग कातडं घट्ट होईल. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की डावणीच्या (वेलीवरच्या बुरशीच्या रोगाच्या) भीतीने अख्खं घर जागं. झाडाचं पान उलटून बघायची सवय मला तिथली आहे, हौसेखातर लागलेली नाही. आमच्यातल्या एक बाई चाळीस वर्षं शाळेत शिकवून आल्या, गुडघ्याला पट्टा बांधून घाणेरी उपटतात. घाणेरी उपटून बघा एकदा. मुळासकट. मग टाइमपास या शब्दावर बोलू.

मे महिन्यात बागेचं पाणी आटलं तेव्हा ड्रम भरून रोपांना तांब्याने पाणी घातलं ते याच रिकामटेकड्यांनी. पाचोळा जाळायचा नाही, खड्ड्यात घालायचा, हे माळ्याला पटवायला आम्हाला एक वर्ष लागलं. तुम्ही तेव्हा कुठे होतात, हे विचारणार नाही, कारण उत्तर मला माहीत आहे.

केक कापला, हेही कुणीतरी तुम्हाला सांगितलेलं दिसतं. एकदा कापला. पंचाहत्तरी होती. बॉक्स परत नेला.

परदेशी झाडांचं म्हणणं तर मला समजतच नाही. गुलमोहर मादागास्करचा आणि वर्षावृक्ष अमेरिकेतला, हे मलाही ठाऊक आहे. पण वनस्पतिउद्यान म्हणजे देवराई नव्हे. १७८७ साली रॉबर्ट किडने कलकत्त्याची बाग काढली ती व्यापाराला उपयोगी पडतील अशी झाडं लावून बघायला. त्याच्याही आधी, १५४५ साली, इटलीत पादुआ विद्यापीठाने बाग केली ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती नेमकी ओळखता यावी म्हणून. (पाटीचं पुन्हा काढू नका.) बी.एस्सी.च्या पोराला सायकस (ताडासारखं दिसणारं, फुलं न येणारं झाड) दाखवायचा तर तो कुठे दाखवायचा, रामकुंडावर? आणि परदेशी म्हणून नाकं मुरडायची तर आपल्या नाशिकची द्राक्षं काय दंडकारण्यातली आहेत? थॉमसन हा वाण बाहेरचा, आणि खाली ज्या डॉगरिज खुंटावर कलम करतो तोही अमेरिकेतलाच.

देशी बाग झटपट करायचीच तर अंजनेरीवरून कंदीलपुष्पं उपटून आणता आली असती. सेरोपेजिया अंजनेरिका, नावातच आपला डोंगर आहे. एका उत्साही सभासदाने तसं सुचवलंही होतं. आम्ही नाही म्हणालो. ज्या झाडाची वस्तीच एवढीशी, त्याला कड्यावरून काढून कुंडीत मारायचं नसतं. हे टाइमपासवाल्यांना सुचलं.

पोरांबद्दल: परीक्षा असतात, प्रॅक्टिकलची वेळ असते, रविवारी सकाळी साडेसहाला पोरं उठत नाहीत. यात आमचा काय दोष? हिशोब खजिनदारांकडे आहे, वहीत आहे, सभासदाने मागितला की दाखवतात. तुम्ही सभासद नाही.

माझ्याकडून हा विषय संपला. यापुढे निनावी प्रतिक्रिया प्रसिद्ध करणार नाही. आणि ‘वनस्पतीशास्त्र’ नव्हे, ‘वनस्पतिशास्त्र’. ति ऱ्हस्व. दुसऱ्याच्या पाट्या वाचत हिंडता म्हणून सांगितलं.