डबक्यात गप्पी-गंबुशिया सोडा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

पाऊस सुरू झाला की हा मेसेज फिरायला लागतो: "विहिरी, तळी, डबकी, सगळीकडे गप्पी नाहीतर गंबुशिया सोडा, ते फक्त डासांच्या अळ्या खातात, मासे निसर्गातलेच आहेत, डेंग्यू जाईल." पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाय, पण हे असं नाहीये.

फक्त अळ्या? गंबुशिया तोंडात मावेल ते खातो, बेडकाची अंडी आणि नुकतेच बाहेर पडलेले बेडूकमासे पण त्यात आले, आणि मोठा बेडूकमासा गिळता नाही आला तर त्याची शेपटी कुरतडतो. कॅलिफोर्नियाच्या ज्या ओढ्यांत तो पोचला तिथे न्यूटची (बेडकासारखाच पाण्यात अंडी घालणारा, पण शेपटीवाला प्राणी) पिल्लं दिसेनाशी झाली. आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या, जगातल्या सगळ्यात घातक १०० परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

आता निसर्गातलेच म्हणाल तर गंबुशिया मूळ अमेरिकेचा, गप्पी दक्षिण अमेरिकेचा. आणि डबक्यात मासा नसतो हेच तर मुख्य आहे! आपले कितीतरी बेडूक पावसाच्या तात्पुरत्या पाण्यात अंडी घालतात ते तिथे मासे नसतात म्हणून. आंबोली टोड घ्या, जगात फक्त आंबोलीच्या आसपास सापडतो, त्याची पिल्लं कातळावर साठलेल्या उथळ पाण्यात वाढतात. असल्या पाण्यात कुणी चार मासे टाकले तर पाणी आटल्यावर मासेही मरतील, पण तोवर त्या वर्षाची अख्खी पिढी गेलेली असेल.

"नंतर काढता येतील" असंही कुणीतरी त्या मेसेजखाली लिहिलंय. कॅलिफोर्नियातच सिएरा नेवाडाच्या डोंगरावरच्या तळ्यांत मुळात मासेच नव्हते, गळवाल्यांच्या हौसेसाठी ट्राउट मासे सोडले, अगदी विमानातून सुद्धा. तिथल्या पिवळ्या पायांच्या बेडकांचे बेडूकमासे दोन-तीन वर्षं पाण्यातच असतात, त्यामुळे खोल तळ्याशिवाय चालत नाही आणि ट्राउट नेमके तिथेच. पुढे बुरशीचा रोगही आला, आणि ९० टक्क्यांहून जास्त जागांवरून ते बेडूक गेले. काही तळ्यांतून जाळी लावून ट्राउट काढले तेव्हा बेडूक परत वाढले, हे खरंय. पण गंबुशिया बोटाएवढा, पिल्लांनाच जन्म देतो, एक गाभण मादी राहिली तरी परत तळं भरतं, त्याला कुठल्या जाळ्यात पकडणार?

डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर कूलर, टायर, ड्रम, कुंडीखालची बशी यात वाढतो, तळ्यात नाही. तिथलं पाणी आठवड्याला ओता. घरच्या बंद हौदात गप्पी ठेवायचे तर ठेवा, फक्त हौद धुताना ते गटारात किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका.